खालीलपैकी एक निवडा

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात एक प्रतिज्ञापत्र सादर केले. त्यातले काही आकडे वर्तमानपत्रांत छापून आले आणि चार दिवसांत विस्मरणातही गेले. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय पाहणीत एकट्या महाराष्ट्रात किती जातींची नोंद झाली असावी? ४,२८,६७७. राज्यातील अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाच्या अधिकृत याद्या एकत्र केल्या तर जाती भरतात ४९४. देशभराचा आकडा ४६ लाखांच्या घरात गेला होता. १९३१ च्या जनगणनेत तो ४,१४७ होता. ऐंशी वर्षांत आपण पंचेचाळीस लाख नव्या जाती जन्माला घातल्या, असे कोणी म्हणणार नाही. त्या बाबतीत आपली कर्तबगारी मोठी असली तरी इतकी नाही. झाले होते ते एवढेच की, जातींची यादी आधी तयार न करता लोकांनी जे सांगितले ते गणकांनी लिहून घेतले. कोणी पोटजात सांगितली, कोणी गोत्र, कोणी आडनाव. आणि ऐकणाऱ्याने आपापल्या शुद्धलेखनाप्रमाणे ते उतरवले. माणसाला ‘कुणबी’ आणि ‘कुनबी’ हे एकच आहे हे कळते. संगणकाच्या लेखी त्या दोन जाती. ही माहिती वापरण्याजोगी नाही असे सरकारचे म्हणणे होते. महाराष्ट्र सरकारने ती मिळावी म्हणून केलेली याचिका न्यायालयाने डिसेंबरमध्ये फेटाळली.

आता ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने जाहीर केल्याप्रमाणे पुढच्या, म्हणजे २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद व्हायची आहे, तीही कागदाऐवजी डिजिटल साधनावर. म्हणजे हा प्रश्न जितका समाजशास्त्राचा, तितकाच संगणकाच्या आज्ञावलीचाही आहे. संगणकवाल्यांच्या पोतडीत त्याला एक जुने, चांगले आणि थोडे धोकादायक उत्तर आहे. त्याला ते ‘एन्युमरेटेड टाइप’ म्हणतात, लाडाने ‘एनम’. नाव जड असले तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. रकान्यात काय लिहिता येईल याची यादी आधीच ठरवायची आणि त्या यादीबाहेरचे काहीही आत येऊ द्यायचे नाही. फॉर्मवर ‘खालीलपैकी एक निवडा’ असे लिहिलेले असते ना, तेच हे.

ही कल्पना प्रोग्रॅमिंगच्या भाषांत रुजवण्याचे मोठे श्रेय निक्लाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाला जाते. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात शिकवत असताना त्याने १९७० मध्ये ‘पास्कल’ ही भाषा आणली. आपल्याकडच्या कितीतरी इंजिनीअर मंडळींनी पुढे प्रोग्रॅमिंगची मुळाक्षरे याच भाषेत गिरवली. त्याआधी वारांची नोंद करायची तर प्रोग्रॅमर स्वतःशी ठरवी की १ म्हणजे सोमवार, २ म्हणजे मंगळवार. पण हे त्याच्या वहीत. यंत्राला दिसत ते नुसते आकडे. सोमवारात गुरुवार मिळवला तर यंत्र निमूटपणे बेरीज करून देई. वाराच्या जागी चुकून व्याजाचा दर टाकला तरी हूं की चूं करीत नसे. विर्थने सांगितले की वारांची नावेच भाषेत लिहा: सोम, मंगळ, बुध, असे सात. आठवा नाही, बेरीज नाही. पुढचा कोणता, मागचा कोणता एवढे विचारा. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर असतो, तोच मग दारात उभ्या राहिलेल्या कडक हेडक्लार्कप्रमाणे चुकीचा कागद परत करू लागला.

‘सी’ या भाषेनेही ही सोय घेतली, पण तिथे नावांचा अंगरखा पातळ; खाली पूर्णांकच. ‘जावा’ नव्वदच्या दशकात आली ती या सोयीविनाच, आणि लोक पुन्हा १, २, ३ करीत बसले. २००४ च्या पाचव्या आवृत्तीत ती मिळाली. नंतरच्या काही भाषांत तर आणखी एक शिस्त आहे. यादीतल्या प्रत्येक पर्यायाचे काय करायचे ते लिहिल्याशिवाय कंपायलर प्रोग्रॅम पुढे जाऊच देत नाही. यादीत पाच नावे असतील आणि तुम्ही चारांचाच विचार केला असेल, तर तो पाचव्याची आठवण करून देतो. मला ही शिस्त फार आवडते. सरकारी परिपत्रके काढणाऱ्यांना असा एक कंपायलर मिळाला असता तर!

बँकेत असताना मी खातेवह्या पाहिल्या आणि पुढे संगणकही पाहिले, त्यामुळे बंद यादीचे उपकार मला मान्य आहेत. खातेवहीच्या काळात एकाच गावाचे नाव नाशिक, नासिक, नाशिक शहर, मु. पो. नाशिक असे चार तऱ्हेने लिहिलेले असे, आणि ‘नाशिकमधील एकूण ठेवी किती?’ असे वरून विचारले की तीन कारकून दोन दिवस बोटे मोडीत बसत. यादीने हा घोळ मिटवला. यादी नको म्हणणाऱ्याने वरचा ४,२८,६७७ हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

प्रश्न आहे तो यादी कशाची, याचा. वार सात आहेत आणि सातच राहतील. पत्त्यांचे रंग चार. या याद्या जणू निसर्गतः बंद आहेत. (महिनेही बारा, असे म्हणायला जावे तर आपले पंचांग हसते. २०२३ साली दोन श्रावण होते, एक अधिक आणि एक निज. चैत्र ते फाल्गुन अशी बारा नावांची बंद यादी करून बसलेल्या प्रोग्रॅमरला त्या वर्षी तेराव्या नावाची गरज नव्हती. महिन्यामागे ‘अधिक’ आहे की नाही, हे सांगणाऱ्या आणखी एका रकान्याची होती.) पण व्यवसाय, जिल्हा, नाते, लिंग, जात, कर्जाची स्थिती, या याद्या कोणीतरी टेबलाशी बसून, कोणत्या तरी तारखेला, काही एका समजुतीने केलेल्या असतात. त्या हुकमाने बंद आहेत. संगणकाला हा फरक कळत नाही. त्याच्या दृष्टीने ‘बुधवार’ आणि ‘गृहिणी’ सारख्याच पक्क्या.

गृहिणी या शब्दावर जरा थांबतो. ज्या बँकेत मी होतो तिच्या एका शाखेत खातेवह्या संगणकावर चढवल्या जात होत्या. जुन्या फॉर्मवर एका बाईंच्या व्यवसायापुढे आधीच्या कोणा कारकुनाने सुरेख अक्षरात लिहिले होते: ‘शिवणकाम, घरी दोन मशिनी’. नव्या प्रणालीत व्यवसायाला आठ पर्याय होते. शेती, नोकरी, व्यापार, स्वतंत्र व्यवसाय, विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त, इतर. भरणाऱ्या मुलाने क्षणभर विचार केला आणि ‘गृहिणी’ निवडले. त्याचा दोष नव्हता. दिवसाला दोनशे खाती चढवायची होती आणि बाई घरीच शिवत होत्या. तीन वर्षांनी त्यांनी तिसऱ्या मशिनीसाठी कर्ज मागितले, तेव्हा वरच्या कार्यालयातून शेरा आला: ‘अर्जदार गृहिणी, उत्पन्नाचे साधन स्पष्ट करावे.’ मॅनेजरने जुना फॉर्म गोणपाटातून शोधून काढला म्हणून काम झाले. पुढे ते गोणपाटही रद्दीत गेले असणार.

इथे यंत्राने काहीही चुकीचे केले नाही, हे ध्यानात घ्यावे. यादीबाहेरचे आत येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याला सांगितले होते. पण यादीत जागा नसलेला माणूस काही परत जात नाही. त्याला रांगेतून पुढे सरकायचे असते, आणि खिडकीमागच्यालाही त्याला सरकवायचे असते. तो जवळच्या, खोट्या पर्यायात बसवला जातो. नोंद नसती तर निदान रिकामी जागा दिसली असती. इथे जागा भरलेली दिसते, छापील अहवालात बेरीज जुळते, आणि त्या बेरजेवरून कोणीतरी निष्कर्ष काढतो की या तालुक्यातील इतके टक्के स्त्रिया काहीच कमवत नाहीत.

‘इतर’ आहे की, असे कोणी म्हणेल. ‘इतर’ ही मोठी फसवी सोय आहे. ‘माहीत नाही’, ‘सांगायचे नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘यादीत नाही’ या चार वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात, आणि मग ते पोते कोणी उघडत नाही. या बाबतीत आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने शहाणपणा दाखवला आहे. लिंगाची नोंद कशी करावी यासाठी तिचे ५२१८ क्रमांकाचे मानक आहे. त्यात पुरुष १, स्त्री २. पण शिवाय ० म्हणजे माहीत नाही आणि ९ म्हणजे लागू नाही. लागू नाही कोणाला? तर कंपनीला, संस्थेला. पुरुषाला १ आणि स्त्रीला २ दिले यात श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही, हेही त्या मानकात सांगून टाकले आहे. मात्र बिचाऱ्या मानकालाही दोनच लिंगे ठाऊक.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतंत्र ओळख असल्याचा निर्णय दिला. २३ एप्रिल २०१५ रोजी रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना आपल्या फॉर्मांत ‘तृतीय लिंग’ हा पर्याय ठेवण्यास सांगितले. वाचणाऱ्याला वाटेल, यादीत एक ओळ वाढवायची त्यात काय मोठेसे? ओळ वाढवणे खरोखरच पाच मिनिटांचे काम. पण जुन्या आज्ञावल्यांत ठिकठिकाणी असे लिहिलेले असते की, ‘पुरुष असेल तर श्री. छापा, नाहीतर श्रीमती’. या ‘नाहीतर’मध्ये सगळी गोम आहे. ज्याने ते लिहिले त्याच्या डोक्यात जगात दोनच प्रकारची माणसे होती. त्याला दुसऱ्याचे नाव लिहिण्याचीही गरज भासली नव्हती. यादीत तिसरा आला, पण ‘नाहीतर’ तिथेच राहिला, तर त्या तिसऱ्याला घरपोच पत्र जाईल ते ‘श्रीमती’ म्हणून. आणि कंपनीचा ९ त्याच वाटेने गेला तर एखाद्या दूध संस्थेलाही. प्रत्येक पर्यायाचा हिशेब मागणारा तो कडक कंपायलर हवा होता तो इथे.

संबोधनाची यादी निघालीच आहे म्हणून सांगतो. पुरुषाला आपण एक ‘श्री.’ देऊन मोकळे होतो. बाईला मात्र कु., सौ., श्रीमती. तिघांपैकी कोणतेही निवडा, तिचे लग्न झाले की नाही आणि नवरा हयात आहे की नाही, हे चेकबुकावर छापून जाते. ही यादी कुठल्या स्विस प्राध्यापकाने केलेली नाही.

यादीतले नाव बदलणे हा त्या मानाने सोपा प्रकार. संगणक बहुधा नाव साठवत नाही, त्याचा अनुक्रमांक साठवतो. नावाची पाटी वेगळी असते. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबाद धाराशिव झाला, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. यादी नीट ठेवली असेल तर तीन पाट्या बदलल्या की काम झाले. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि महाराष्ट्राचे ३६ जिल्हे झाले, तेव्हाची गोष्ट निराळी. यादीत एक नाव वाढले एवढेच दिसते. प्रत्यक्षात त्या दिवशी जुन्या ‘ठाणे’ या शब्दाचा अर्थही बदलला. २०१० साली डहाणूच्या माणसापुढे लिहिलेले ‘ठाणे’ आणि २०१६ साली कल्याणच्या माणसापुढे लिहिलेले ‘ठाणे’ ही एक गोष्ट नव्हे. दोन्हींची एकत्र बेरीज करून ‘ठाण्यात ठेवी घटल्या’ असा अहवाल कोणी केला, तर आकडे बरोबर आणि निष्कर्ष चूक. नवा पर्याय आला की शेजारचे जुने पर्याय आकसतात. ज्या दिवशी फॉर्मवर तिसरे लिंग आले, त्या दिवसापासून ‘पुरुष’ वर खूण करण्याचाही अर्थ थोडा बदलला; आता ती दोहोंतली नव्हे, तिघांतली निवड झाली.

कर्जांच्या बाबतीत हे मी जवळून पाहिले आहे. १९८५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना प्रत्येक कर्जखात्याची प्रकृती आकड्यात सांगायला लावली. ‘हेल्थ कोड’ असे त्याचे नाव होते. १ म्हणजे समाधानकारक, २ अनियमित, ३ आजारी पण जगण्याजोगे, ४ आजारी आणि न जगणारे, यालाच ‘स्टिकी’ म्हणत. मग कर्ज परत मागितलेले, दावा लावलेले, हुकूमनामा मिळालेले, आणि ८ म्हणजे बुडीत व संशयित. खाते १ मध्ये ठेवायचे की २ मध्ये, यावर शाखांतून चहाच्या कपांसह वाद चालत. ऊस घातला आहे, कारखान्याने बिल दिलेले नाही, म्हणून हप्ता थकला आहे, अशा शेतकऱ्याला कोणता आकडा? पैसे येणार हे गावातले पोर सांगेल, पण आठांत त्याला जागा नव्हती, तो ‘अनियमित’. नरसिंहम समितीनंतर १९९२ मध्ये आठाचे चार झाले: स्टँडर्ड, सबस्टँडर्ड, डाउटफुल, लॉस. आणि अधिकाऱ्याच्या मताऐवजी थकलेले दिवस मोजणे सुरू झाले. मार्च २००४ पासून ते नव्वद दिवस. याने पुष्कळ लपवाछपवी थांबली, हे निर्विवाद. पण एकोणनव्वदाव्या दिवशी सुदृढ आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी अनुत्पादक, अशी माणसाची प्रकृती नसते. हे वरच्यांनाही जाणवले असावे. २०१४ मध्ये अनुत्पादक होण्याच्या आधीच्या टप्प्यांसाठी ‘स्पेशल मेन्शन’ नावाखाली ०, १ आणि २ असे तीन नवे खण करण्यात आले. आठाचे चार, चाराच्या अलीकडे पुन्हा तीन. यादी श्वास घेत असते.

हे संगणकशास्त्रातही उमगलेले आहे. ‘मायएसक्यूएल’ या माहिती साठवण्याच्या लोकप्रिय प्रणालीत एका रकान्याच्या बंद यादीला ६५,५३५ पर्यंत नावे चालतात. पण तिच्या जुन्या, सैल रीतीत यादीबाहेरचे काही आले, तर प्रणाली नुसती सूचना करून तिथे रिकामी अक्षरमाला ठेवी आणि तिचा क्रमांक ० धरी. म्हणजे माणूस होता, त्याने काही सांगितले होते, ते गेले. नंतरच्या आवृत्त्यांत मूळचा कलच कडक केला आहे. ‘पोस्टग्रेस’ नावाची दुसरी प्रणाली आहे. तिने २००८ मध्ये अशा याद्या आणल्या, त्यात नंतर नवे नाव घालता येऊ लागले, पुढे नाव बदलताही येऊ लागले; पण एकदा घातलेले नाव यादीतून काढून टाकण्याची सोय तिने दिलेली नाही. काढायचेच असेल तर नवी यादी करून सगळ्या नोंदी तिच्यावर न्याव्या लागतात. मला हे हट्टीपण पटते. ज्यांच्यापुढे ते नाव लिहिले गेले आहे, त्या नोंदींचे काय करायचे ते आधी सांगा, असे ती म्हणते आहे.

आणि खुद्द विर्थ? १९८८ च्या सुमारास त्याने ‘ओबेरॉन’ ही नवी भाषा केली, तेव्हा आपणच पास्कलमध्ये आणलेली ही सोय तिच्यातून काढून टाकली. कारण त्याने लिहून ठेवले आहे: प्रोग्रॅमच्या एका भागात केलेली यादी दुसऱ्या भागातल्या माणसाला वाढवता येत नाही, एकतर वाढवण्याची काही सोय करा, नाहीतर यादीच नको. त्याने दुसरा मार्ग पत्करला. भाषा बनवणाऱ्याला ते परवडते. देश चालवणाऱ्याला परवडत नाही, हे ४६ लाखांनी दाखवलेच आहे. तेव्हा आपल्याला पहिला मार्गच घ्यावा लागेल.

तो मार्ग अनुभवी संगणकवाल्यांना माहीत आहे. हुकमाने केलेली यादी आज्ञावलीच्या पोटात कोरायची नाही, बाहेर एका तक्त्यात ठेवायची. बँकेत आम्ही त्याला ‘मास्टर’ म्हणत असू. प्रत्येक नावापुढे ते केव्हापासून चालू आणि केव्हा बंद झाले याच्या तारखा. ‘यादीत नाही’ निवडणाऱ्याने सांगितलेले शब्द जसेच्या तसे ठेवायला शेजारी एक मोकळा रकाना, आणि तो रकाना ठरावीक काळाने वाचायला नेमलेला माणूस. शिवणकाम करणाऱ्या शंभर बायका त्या मोकळ्या रकान्यात दिसल्या की यादीत एक ओळ वाढली पाहिजे. यात खर्चिक असे काही नाही. अडचण एवढीच की, यादी कोण करतो आणि ती वाढवण्याचा अर्ज कोणाकडे करायचा, हे आपल्याकडे फॉर्म भरणाऱ्याला कधीच कळत नाही. मतदारयादीचे प्रारूप आपण प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, सुनावणी घेतो, मग ती अंतिम होते. जातींच्या संकेतांकांची यादी असो की व्यवसायांची, संगणकात चढण्याआधी तिचेही प्रारूप असेच तहसील कचेरीच्या फळ्यावर, ग्रामपंचायतीत आणि वर्तमानपत्रात लागले पाहिजे, हरकतींना निदान एक महिना दिला पाहिजे, आणि कोणती हरकत का नाकारली ते लेखी सांगितले पाहिजे.